जास्तीचा घोडा

२ जून

चि. मनीस, आशीर्वाद.

उत्तराला फार उशीर झाला, त्याबद्दल रागावू नकोस. तुझं पत्र येऊन अठरा दिवस झाले. आधी चष्म्याची काडी मोडली. तुझ्या बापाला चारदा सांगितलं तेव्हा कुठे त्यानं ती जोडून आणली, तर आता चष्मा एका अंगाला कलतो आणि ओळी वर चढतात. हे सगळं खरंच आहे, पण उशीर काही तेवढ्यानं झालेला नाही. कागद पुढे घेतला की हात चालत नव्हता.

फोन करू नकोस असं मीच तुला सांगून ठेवलंय. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि निम्मं मी मनानं जुळवतो, त्यातून घोटाळे होतात. कागद पुन्हा पुन्हा वाचता येतो.

तर तू माझ्याच म्युझियममध्ये सहा महिने राहणार. तुझ्या बापानं मला तीनदा समजावलं की ही नोकरी नव्हे, रेसिडेन्सी आहे, म्हणजे राहायला खोली देतात आणि काम आपल्या मनानं करायचं. मी विचारलं, साहेब कोण? तो म्हणाला, साहेब नसतो. तेव्हापासून मला जास्तच घोर लागलाय. साहेब नसला तर चूक झाल्यावर निस्तरायची कुणी? आणि काम काय, तर खेळ तयार करायचा. मी तेहतीस वर्षं तिथे लोकांना 'इथे खेळू नका' हेच सांगत उभा राहिलो. आता माझी नात त्यांना खेळायला बसवणार. हसावं की काय करावं ते मला कळत नाही.

मागच्या जिन्याची तिसरी पायरी आखूड आहे, उतरताना बघून उतर. काचेला बोट लावू नकोस, ठसा राहतो आणि पुसणाऱ्याला बोलणी बसतात. खोलीला आतून कडी आहे का ते लिही. दुपारचं जेवण चुकवू नकोस. कामात तंद्री लागली की तू खात नाहीस.

आणि एक गोष्ट नीट ऐक. दुसऱ्या मजल्यावर शेवटच्या दालनात सोंगट्यांचं कपाट आहे. कुठल्या तरी जुन्या पटावरच्या लाकडी सोंगट्या, त्यात घोडे आहेत, होड्या आहेत, बुरूज आहेत. खेळायचं कसं ते आता कुणालाच माहीत नाही. तू खेळवाली, तुझी नजर तिकडेच जाणार. जाऊ नकोस. ते दालन अकरा वर्षं माझ्याकडे होतं. मग मला फाटकावर बदली मिळाली आणि दालन दुसऱ्या एकाकडे गेलं. आम्ही त्याला लंब्या म्हणायचो. त्याच्या ताब्यात असताना तिथला एक घोडा गेला. त्याची नोकरीही गेली. माणूस वाईट नव्हता, पण जाऊ दे. मी त्यानंतर त्या दालनात पाऊल टाकलं नाही. तू दुसरं काहीतरी घे. खाली नाण्यांचं दालन आहे, तिथे उजेडही बरा आहे.

तुझा आजोबा

२१ जून

प्रिय आजोबा, नमस्कार.

तुम्ही 'जाऊ नकोस' लिहिलंत आणि मी पत्र खिशात घालून थेट तिकडेच गेले. मला लहानपणापासून ओळखता, 'नाण्यांकडे जाऊ नकोस' असं लिहायचं होतं तुम्ही.

खोलीला आतून कडी आहे. तिसरी पायरी अजून आखूडच आहे, पहिल्याच दिवशी मी तिथे धडपडले आणि मग तुमचं पत्र आलं. जेवते.

आजोबा, किती सुंदर सोंगट्या आहेत. खेळाचे नियम कुणाला माहीत नाहीत यासारखं सुख नाही माझ्या धंद्यात. कुणी येऊन 'असं नसतं' म्हणू शकत नाही. क्युरेटर बाईंना सांगितलं की या दालनाचे पहारेकरी माझे आजोबा होते. बाईंनी दुसऱ्या दिवशी जुन्या कागदांतून तुमच्या मोजणीच्या वह्या काढल्या. अकरा वर्षं, रोज सकाळची नोंद, एका दिवसाचा खाडा नाही: 'सोंगट्या ४१. बरोबर.' आणि खाली तुमची ती वळणं घेणारी सही. बाई म्हणाल्या, इतक्या इमानानं काम करणारी माणसं आता मिळत नाहीत. त्यांना ती वही कपाटाशेजारी मांडायची आहे आणि खेळाच्या पहिल्या दिवशी तुम्हाला पाहुणे म्हणून बोलवायचं आहे. नवा सदरा शिवा.

माळ्यावर तुमचं स्टूलही सापडलं. पाय कापून बुटकं केलेलं, खाली सुतारानं 'गिड्डू' असं कोरलंय. गिड्डू म्हणजे तुम्हीच ना? घरी कधी बोलला नाहीत.

आता गंमत ऐका. एखादा खेळ करायचा तर आधी माणसं बघतात कसं ते बघावं लागतं. मी एका शाळेच्या मुलांना नि त्यांच्या शिक्षकांना चिठ्ठ्या दिल्या: कपाटात सोंगट्या किती? शिक्षकांनी लिहिलं, चाळीस. मुलांनी लिहिलं, एकेचाळीस. जवळजवळ सगळ्या मुलांनी. मला वाटलं, कार्टी ठरवून चावटपणा करतायत. दुसरी शाळा आली, तेच. शेवटी मी तुमच्या स्टुलावर बसले आणि मोजलं. एकेचाळीस. उभी राहिले, चाळीस.

डाव्या कोपऱ्यात, खाली, आरशाची वीतभर पट्टी आहे. टोकाच्या घोड्याच्या पाठीवर नक्षी आहे, ती दिसावी म्हणून कपाट केलं तेव्हाच बसवलेली. उभ्या माणसाला त्यात फळीचं लाकूड दिसतं. खाली बसलं, किंवा उंचीच कमी असली, की मागच्या रांगेच्या शेवटी एक घोडा उभा दिसतो, आपल्याकडे पाठ करून. आरसा आहे हे कळतच नाही.

म्हणजे तुमच्या वहीतला, चोरीला गेलेला एकेचाळिसावा घोडा मुलांना अजून दिसतो. माझा अख्खा खेळ त्यावर उभा राहणार आहे: चोरानं नेलेला घोडा, जो फक्त बुटक्यांना सापडतो. कसं वाटतं?

तुमची मनी

३० जुलै

आजोबा,

पाच आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. काही लागलं का माझं? बुटक्यांवरून केलेला विनोद लागला असेल तर माफ करा, मीही काही फार उंच नाही.

बाबांचा फोन आला होता. म्हणाले, तुम्ही फिरायला जात नाही, ताटात अन्न टाकता, आणि दाढीचा छोटा आरसा जमिनीवर टेकवून त्याच्यासमोर वाट्या मांडून उकिडवे बसता. आई घाबरलीय. तिला वाटतं, वयानं होतंय. मला तसं वाटत नाही.

खेळ वीस ऑगस्टला सुरू व्हायचाय. एकतीसला ते जुनं कपाट निघणार आणि आतल्या दिव्यांचं नवं येणार, म्हणून बाई घाई करतायत. तुम्ही येणार का, ते त्यांना सांगायचंय. दोन ओळी तरी लिहा.

मनी

६ ऑगस्ट

चि. मनीस, आशीर्वाद.

वाट्यांचं खरं आहे. सहा वाट्या मांडल्या, डोकं खाली घेतलं, तर सात. उठलो, तर सहा. तुझी आई दारातून बघत होती. तिला काय सांगणार होतो?

मनी, तो पाठमोरा घोडा मला माहीत आहे. मी त्याला रुसका म्हणायचो. बाकी सगळ्या सोंगट्या तोंड पुढे करून उभ्या आणि हा एकटाच पाठ फिरवून. रोज सकाळी मोजणी झाली की मी त्याला म्हणायचो, काय रे, आज तरी बोलशील का. अकरा वर्षं मी त्याच्याशी बोललो. मी कशाशी बोलत होतो ते आता तुझ्या पत्रानं कळलं.

घोडा कुणी चोरला नाही. घोडा नव्हताच. चोरबिर खेळातून काढ आणि ती वही मांडू नकोस. कुणी वाखाणलं तर मला ऐकवणार नाही.

कसं झालं ते सांगतो. माझ्याआधी त्या सोंगट्यांची गणती कुणी लिहिली नव्हती. मोठ्या नोंदबुकात 'लाकडी सोंगट्यांचा संच, एक' एवढंच होतं. नवं कपाट आलं, दालन माझ्याकडे आलं, साहेब म्हणाले, किती आहेत ते मोजून वहीत लिही आणि रोज तेवढ्या भरतात का बघ. कपाटाची किल्ली साहेबांकडे, मी काचेबाहेरून मोजणार. स्टूल माझ्या पायांच्या बेतानं कापलेलं. एकेचाळीस भरल्या, एकेचाळीस लिहिल्या. उभा राहिलो तरी मी लोकांच्या खांद्याला लागायचो, त्यामुळे कधी फरक दिसला नाही.

बदली झाली तेव्हा लंब्यानं माझी वही बघून सही केली आणि ताबा घेतला. तो साडेसहा फूट. त्या स्टुलावर तो कधी बसायचा नाही, गुडघे काचेला लागायचे. दोन महिन्यांनी पहिलीच पडताळणी झाली. साहेबांनी कपाट उघडून सोंगट्या कापडावर काढल्या. चाळीस. मला फाटकावरून बोलावून विचारलं, तुझ्या वेळी किती होत्या? मी म्हणालो, एकेचाळीस, या डोळ्यांनी रोज मोजल्यात. कोणता घोडा गेला तेही मीच सांगितलं. मला त्या घोड्याचं वाईट वाटत होतं. माणसाचं वाटलं नाही, घोड्याचं वाटलं.

लंब्याला काढून टाकलं. पुढे ऐकलं की त्याच्या मुलीला शाळेत बघितलं की पोरं घोड्यासारखी खिंकाळायची. आम्ही चौदा वर्षं एका डब्यात जेवलो होतो, मनी. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाही. मी मनाला सांगत आलो की चोर तोंड कसं दाखवणार.

माझ्याकडून ही चूक झाली. अडाण्याची चूक. तू एवढं कर. त्याचं घर नदीकडच्या रस्त्याला होतं, खाली शिवणकामाचं दुकान. तो जिवंत आहे का बघ. असला तर कपाट निघायच्या आत त्याला घेऊन ये, त्या स्टुलावर बसव आणि मोजायला सांग. गुडघे लागले तर लागोत. एकदा त्याला दिसलं म्हणजे कळेल की मी मुद्दाम केलं नाही. पट्टी एकदा निघाली की माझ्या म्हणण्याला काही आधार उरणार नाही.

तुझ्या बापाला यातलं काही सांगू नकोस.

आजोबा

१४ ऑगस्ट

प्रिय आजोबा,

लंब्याकाका आहेत.

दुकान तिथेच आहे, आता त्यांची मुलगी चालवते. मी आत गेले. ती मान वर न करता म्हणाली, "माप द्यायचंय का?" मी म्हटलं, "काकांना भेटायचंय. मी गिड्डूची नात." तिचं मशीन थांबलं. तिनं दोऱ्याचं टोक दातानं तोडलं आणि म्हणाली, "माडीवर आहेत. पण फार वेळ बसू नका."

काका खिडकीशी बसलेले. अजून केवढे उंच आहेत. पाय ठेवायला जागा पुरत नाही म्हणून आडवे करून बसतात. मला म्हणाले, "गिड्डू आहे अजून?"

"आहेत."

"वाढला का काही?"

"उलट घटले थोडे."

हसले. मग मी तुमचं पत्र वाचून दाखवलं, सगळं. रुसक्या घोड्याचंही. आरशाचं आलं तेव्हा त्यांनी हातानं मला थांबवलं आणि तेवढा भाग परत वाचायला लावला.  खालून मशीनचा आवाज येत होता, तो मध्येच थांबला होता हे नंतर माझ्या लक्षात आलं. मुलगी जिन्यात उभी होती.

काका म्हणाले, "एकोणतीस वर्षं मी एकेक माणूस डोळ्यांपुढे आणायचो. झाडूवाला, सुतार, साहेब. कुणी नेला असेल? शेवटी कुणी नाहीच."

मी म्हटलं, "तुम्ही येऊन बघा ना. मी गाडी करते. आजोबांची इच्छा आहे, स्टुलावर बसून एकदा मोजा."

तर म्हणाले, "मी कशाला बसू? मला चाळीसच दिसत होत्या. अजून चाळीसच आहेत. बसून मोजायचं आणि म्हणायचं, बरोबर आहे बाबा, तुझी काही चूक नाही, असंच ना? त्याला म्हणावं, तू ये. माझ्या उंचीवर उभा राहा आणि मोज." मग मुलीला बोट दाखवून म्हणाले, "हिच्यादेखत मोज."

मी उठले तेव्हा एवढंच म्हणाले, "त्यानं सगळं लिहिलेलं नाही. सही करताना मी काय बोललो होतो ते त्याला विचार. आणि साहेबांसमोर त्यानं काय सांगितलं तेही."

जिन्यात ती मुलगी बाजूला झाली नाही. म्हणाली, "माझी आई गेली तेव्हाही या घराला सोंगटीचोराचं घर म्हणायचे. ते कुणी लिहून देणार आहे का?"

मी क्युरेटर बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, काकांच्या नावावरचा चोरीचा जुना शेरा बदलायचा तर मोजणी करणाऱ्याचं लेखी पाहिजे, सहीनिशी. वही त्यांनी बाजूला ठेवलीय. खेळ मी थांबवलाय. रागावल्या नाहीत, पण माझ्या सहा महिन्यांत दाखवायला आता काही नाही. त्याचं मला फारसं वाटत नाही.

वाटतं ते वेगळंच. आजोबा, तुम्ही काय सांगितलंत साहेबांना?

मनी

१९ ऑगस्ट

चि. मनीस, आशीर्वाद.

या वेळी उशीर केला नाही. तुझं पत्र काल आलं, आज लिहितोय. चष्मा काढून लिहितोय, ओळी कशाही गेल्या तरी लावून घे.

सही करायच्या आधी लंब्या कपाटासमोर उभा राहिला, बोटानं मोजलं आणि म्हणाला, "गिड्डू, चाळीसच भरतात रे." मी म्हणालो, "परत मोज." त्यानं परत मोजल्या. "चाळीस." माझा फाटकाचा हुकूम खिशात होता. अकरा वर्षं मागत होतो ती जागा. मी चिडून म्हणालो, "मी अकरा वर्षं मोजतोय, तू आज आलास. माझे डोळे फुटलेत की तुझे?" तो माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "तू म्हणतोस तर असतील." आणि सही केली. माझ्या शब्दावर केली, मनी. डोळ्यांवर विश्वास न ठेवता माझ्यावर ठेवला.

चौकशीत साहेबांनी मला विचारलं, "ताबा घेताना यानं काही हरकत घेतली होती का?" लंब्या बाकावर बसला होता. तो घाबरलेला नव्हता. त्याला वाटत होतं, आता गिड्डू सांगेल आणि सुटलो आपण.

मी म्हणालो, "नाही."

एवढंच. पुढचं मला कुणी विचारलं नाही.

का म्हणालो, ते मी एकोणतीस वर्षं निरनिराळ्या तऱ्हेनं स्वतःला सांगितलंय. घरी तुझा बाप शाळेत होता, नोकरी गेली असती तर, असं सांगायचो. ते खोटं आहे, माझी नोकरी गेली नसती, फार तर ओरडा बसला असता. खरं असं आहे की मी चौथीत शाळा सोडली. मास्तर फळ्यापुढे उभं करून मोजायला लावायचे, माझं चुकायचं आणि वर्ग हसायचा. म्युझियममध्ये माझी एकच इभ्रत होती की गिड्डूची मोजणी चुकत नाही. साहेबसुद्धा म्हणायचे. 'लंब्या चाळीस म्हणाला होता' असं बोललो असतो तर त्यांनी मला परत मोजायला उभं केलं असतं, सगळ्यांसमोर. त्या हसण्याला भिऊन मी माणूस घालवला. आरसा मला आत्ता कळला. 'नाही' म्हणालो ते मला तेव्हाच कळत होतं. मागच्या पत्रात मी सगळं आरशावर ढकललं आणि तुलाही फसवलं.

सोबत वेगळा कागद आहे. तो क्युरेटर बाईंना दे. त्यात दोन्ही लिहिलंय, मोजणी चुकली तेही आणि साहेबांपुढे खोटं बोललो तेही. शुद्धलेखन तू सुधारू नकोस, नाहीतर म्हणतील नातीनं लिहून दिलं. सहीच्या बाजूला तुझ्या बापाची साक्षीदार म्हणून सही आहे. त्याला सगळं सांगावं लागलं.  त्यानं रात्रीचं पान माझ्यासमोर वाढलं आणि स्वतः दुसऱ्या खोलीत जेवला. मला ते बरोबरच वाटलं.

तुझा खेळ माझ्यापायी गेला. त्याची भरपाई माझ्याकडे नाही.

आता यायचं. डॉक्टर म्हणतात प्रवास नको, तुझी आई म्हणते आंब्याचं खोकं आहे का पाठवून द्यायला, तब्येत बघा. तरी मी अठ्ठावीसच्या बसचं बघायला सांगितलंय. बाप आणून सोडेल असं वाटतं, नाही सोडलं तर मी एकटा येईन. बसमध्ये मला मळमळतं, पण ते माझं मी बघेन. दुसऱ्या मजल्यावर चढायला वेळ लागेल. ती आखूड पायरी मला पाठ आहे.

लंब्या म्हणतो, माझ्या उंचीवर उभा राहून मोज. बरोबर आहे त्याचं. पण मी आता होतो त्याहून बुटका झालोय, नुसतं उभं राहून भागायचं नाही. स्टुलावर चढावं लागेल. त्याचा मागचा डावा पाय तेव्हाही डुगडुगायचा, सुताराला सांगायचं राहून गेलं होतं. तो बघून ठेव. आणि खुंटी ठोकून घेतलीस तरी चढताना मला कुणीतरी धरायला हवं. हल्ली आधार नसला की मला भोवळ येते.

तू धरशील, ते मला माहीत आहे. पण तू लंब्याला विचार. त्याची मुलगी समोर असेल, सगळे असतील, मी मोठ्यानं मोजेन, चाळीसपर्यंत, आणि तिथे थांबेन. तेवढा वेळ तो स्टूल धरेल का, एवढंच विचार. नाही म्हणाला तर तसंच लिही, मी तरीही येईन. पण काय म्हणाला ते मला निघायच्या आधी कळलं पाहिजे. एकतीसला कपाट निघेल. अठ्ठावीसच्या आत पोचेल असं लिही, मनी, दोनच शब्द लिही, पण लवकर.

तुझा आजोबा